तोंड आलंय? मग दिवस मोजा!

'काही नाही रे, उष्णता झालीय' असं म्हणून आपण गुलकंद खातो, जेल लावतो आणि विसरून जातो. दहापैकी नऊ वेळा ते बरोबरही असतं. पण दहाव्या वेळेचं काय? ती ओळखायला मेडिकलची डिग्री लागत नाही. एक आरसा, एक टॉर्च आणि एक कॅलेंडर पुरतं.

मालेगाव म्हटलं की पुण्यात समोरचा हमखास विचारतो, ''म्हणजे नाशिककडचं ना? पॉवरलूमवालं?'' नाही हो! हे आमचं वाशीम जिल्ह्यातलं मालेगाव. नागपूरहून संभाजीनगरकडे जाणारा जुना हायवे आणि अकोल्याहून वाशीमकडे उतरणारा रस्ता जिथे एकमेकांना भेटतात ना, ते. गाडी थांबली की दोन गोष्टी हमखास मिळणार. गरम चहा आणि समोर घोटून मिळणारा खर्रा.

आपल्या आजच्या गोष्टीतला हिरो याच गावचा. सध्या हिंजवडीत नोकरी, वाकडला टू बीएचकेमध्ये चौघांत राहणं, आणि दिवाळीला रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून घरी. त्याला नाव देत नाही, कारण तो कोणी एकटा नाही. तुमच्या फ्लोअरवर असे चार तरी सापडतील. कदाचित त्यातले एक तुम्हीच असाल.

तर, हिरोचं तोंड आलंय. रिलीज जवळ आली, दोन रात्री जागरण झालं, की खालच्या ओठाच्या आत पांढरट ठिपका तयार! पाणीपुरीचं पाणी लागलं की डोळ्यांतून पाणी. मग रात्री मोबाइलवर सर्च. पहिल्या मिनिटाला 'माउथ अल्सर', तिसऱ्या मिनिटाला 'ओरल कॅन्सर', आणि पाचव्या मिनिटाला झोप उडालेली. आईला फोन केला तर ती म्हणते, ''गर्मी झाली असन. जाईचा पाला चावून थुकून दे.'' रूममेट म्हणतो, ''बी-कॉम्प्लेक्स घे, चिल मार.''

आता यात बरोबर कोण?

साधं तोंड येणं

आधी चांगली बातमी. आपल्या वयात वारंवार होणारे हे बहुतेक फोड म्हणजे ॲफ्थस अल्सर. लहान, गोल, मध्ये पिवळट-पांढरा, कडेने लाल, आणि आकाराच्या मानाने भलताच दुखणारा. ओठाच्या आत, गालाच्या आत, जिभेच्या कडेला किंवा खाली, म्हणजे तोंडातल्या मऊ जागी तो होतो. साधारण सात ते चौदा दिवसांत आपला आपण बरा होतो आणि मागे काही खूण ठेवत नाही. काही आठवड्यांनी पुन्हा येतो, पण बहुतेक वेळा दुसऱ्या जागी. असा साधा अल्सर पुढे कॅन्सर होतो, याला पुरावा नाही. तेव्हा हिरोने निवांत झोपायला हरकत नाही.

पण 'का होतो?' हे विचारायला हवं. टेन्शन आणि जागरण ही कारणं आहेतच. अजाणता गाल चावला जाणं, दाताचं टोक किंवा ब्रेसेसची तार घासणं हेही कारण असतं. काही जणांना फेस आणणारं रसायन असलेली टूथपेस्ट मानवत नाही. आणि एक कारण आपल्या डब्यात लपलेलं असतं. लोह, फोलिक ॲसिड किंवा बी-१२ ची कमतरता. बी-१२ मुख्यतः दूध, अंडी, मांस, मासे यांतून मिळतं. घरी शाकाहार, त्यात मेसच्या डब्यात दूध-दही नावाला, अशांनी सतत तोंड येत असेल तर एकदा रक्त तपासून घ्यावं. नुसत्या अंदाजाने वर्षभर कॅप्सूल गिळत बसण्यापेक्षा हे परवडतं.

कधी कधी वारंवार येणारे अल्सर पोटाच्या एखाद्या आजाराची, प्रतिकारशक्तीच्या गडबडीची किंवा चालू असलेल्या औषधाची खबर देतात. सोबत ताप येत असेल, वजन घटत असेल, डोळे लाल होत असतील, गुप्तांगावरही जखमा होत असतील, तर हे प्रकरण जेल लावण्यापलीकडचं आहे. सरळ डॉक्टर गाठा.

मग कॅन्सर कुठून आला?

कॅन्सरचीही सुरुवात अनेकदा एका छोट्या जखमेसारखीच होते. इथेच सगळा घोळ होतो. दोघांची नावं आपल्या तोंडी एकच, 'तोंड आलंय'. फरक वागण्यात आहे.

साधा अल्सर दुखतो, जागा बदलतो आणि बरा होतो. काळजीची जखम एकाच जागी ठाण मांडून बसते. दोन आठवडे झाले, तीन झाले, ती तिथेच. हळूहळू मोठी होते. तिची कड उचललेली, हाताला टणक लागते. स्पर्श झाला की रक्त येतं. आणि गंमत नव्हे, गोची ही, की सुरुवातीला ती बहुतेक वेळा दुखतच नाही!

आपण मात्र दुखण्यावरून आजार मोजतो. दुखतंय म्हणजे मोठं, दुखत नाही म्हणजे काही नाही. तोंडाच्या बाबतीत हा फंडा चक्क उलटा पडतो. पिन टोचल्यासारखा दुखणारा ठिपका आठ दिवसांत गायब होतो, आणि गालाच्या आत मुकाट बसलेला पांढरा किंवा लाल चट्टा वर्षभर तसाच राहतो. पुसूनही न जाणाऱ्या, दुसरं कारण न सापडणाऱ्या पांढऱ्या चट्ट्याला डॉक्टर ल्युकोप्लेकिया म्हणतात. सगळेच असे चट्टे कॅन्सर होत नाहीत. पण कोणता होईल हे आरशात पाहून कळत नाही, त्यासाठी डॉक्टरच लागतात. लाल, मखमली चट्टा असेल तर त्याला जास्तच घाबरायचं. तो पांढऱ्यापेक्षा अधिक धोक्याचा.

जागाही लक्षात ठेवा. पाश्चात्त्य देशांत जिभेचा आणि जिभेखालचा कॅन्सर जास्त दिसतो. आपल्याकडे तंबाखू जिथे धरून ठेवतात ती जागा, म्हणजे गाल आणि खालची हिरडी यांच्यातली खाच, ही कॅन्सरची नेहमीची जागा. जणू भाड्याने दिलेली खोली. भाडेकरू रोज तोच, आणि भिंती आतून पोखरलेल्या.

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे पेशंट होते. आपल्या पुरुषांमध्ये हा कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे.

खर्रा, आपला माणूस

आता पुन्हा मालेगावच्या त्या टपरीकडे. पश्चिम महाराष्ट्रात मावा, आमच्या विदर्भात खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना. प्लास्टिकच्या तुकड्यात घालून खसाखस घोटायचं आणि पुडी बांधून द्यायची. गुटख्यावर महाराष्ट्रात आधी २००२ साली बंदी आली. ती २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात टिकली नाही. मग जुलै २०१२ मध्ये पुन्हा बंदी आली. पाकिटातला गुटखा चोरट्या वाटेने विकला जाऊ लागला आणि ताज्या घोटलेल्या पुडीला तर कधी पाकीट लागलंच नव्हतं.

खर्ऱ्याची खरी ताकद नशेत नाही, ओळखीत आहे. पाहुणा आला, पुडी पुढे. सोयाबीन काढायला मजूर आले, पुडी पुढे. मित्र दोन वर्षांनी भेटला, ''चाल बे, खर्रा खाऊ.'' नाही म्हणणारा शिष्ट ठरतो. केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २४.४ टक्के लोक धूर नसलेली तंबाखू खाताना आढळले. म्हणजे दर चार माणसांमागे जवळपास एक. आणि सिगारेट-बिडी ओढणारे? फक्त ३.८ टक्के. आपल्या राज्याचं खरं व्यसन धुराचं नाहीच, चघळण्याचं आहे.

आता ऑफिसवाले म्हणतील, ''आम्ही तंबाखू खात नाही. लंचनंतर थोडी सुपारी, बस!'' सॉरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात एकट्या सुपारीलाही, तंबाखू नसली तरी, माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. त्याच गटात सिगारेट आहे, दारूही आहे. पाकीट कितीही चकचकीत असो, त्यावर केशर-वेलचीचं चित्र असो, आत सुपारीच आहे.

आणि तंबाखू-सुपारीसोबत दारू असेल तर धोका नुसता बेरजेने वाढत नाही, त्याहून जास्त वाढतो. शुक्रवार रात्रीचं कॉम्बिनेशन आठवून बघा.

तिखट लागतंय... तोंड उघडत नाही...

सुपारी आणखी एक काम करते, आणि 'नेहमी तोंड येतं' या तक्रारीचा कॅन्सरशी सगळ्यात जवळचा धागा इथे आहे. या आजाराचं नाव सबम्युकस फायब्रोसिस. १९५२ साली पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय बायकांमध्ये त्याचं वर्णन झालं. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याला आज रूढ असलेलं नाव दिलं.

यात होतं काय? सुपारीतल्या द्रव्यांमुळे गालाच्या अस्तराखाली तंतू जमत जातात. मऊ, लवचिक गाल आतून चामड्यासारखा ताठ होतो. सुरुवात अगदी साधी. तिखट सोसत नाही. तोंडात आग होते. वारंवार फोड येतात. माणूस म्हणतो, 'गर्मी झाली'. मग गाल पांढुरका पडतो. मग मोठा घास घेता येत नाही. पाणीपुरीची पुरी अख्खी जात नाही. शेवटी दात घासायला ब्रशही नीट आत जात नाही.

घरच्या घरी एक टेस्ट करा. आत्ता, वाचता वाचता. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका, तिन्ही एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून बघा. आरामात गेली? छान. दोनच गेली? मग हा अंक बाजूला ठेवा आणि डेंटिस्टची अपॉइंटमेंट घ्या.

हा आजार कॅन्सर नव्हे, पण कॅन्सरच्या वाटेवरचं स्टेशन आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंत-संशोधकांच्या चमूने केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ पेशंटांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं. १९८५ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. ६६ पैकी ५ जणांना, म्हणजे ७.६ टक्क्यांना, तोंडाचा कॅन्सर झाला. बाकीच्यांना झाला नाही हेही खरं. पण ताठ झालेला गाल पूर्वीसारखा मऊ करणारं औषध आजही नाही. व्यायाम, इंजेक्शनं, ऑपरेशन यांनी तोंड काहीसं उघडतं. सुपारी सुटली तर पुढची घसरण थांबवता येते. म्हणून जितक्या लवकर कळेल तितकं बरं.

मोठ्यांनाही सुटका नाही

'आपल्याला काय होणार' असं वाटत असेल तर दोन माणसं आठवा. शरद पवार यांचं तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन २००४ साली झालं, ऐन लोकसभा निवडणुकीच्या वर्षात. तंबाखू-सुपारीची सवय भोवली, हे त्यांनी पुढे जाहीर सभांतून स्वतः सांगितलं. ते बरे झाले, पुन्हा कामाला लागले. दुसरे आर. आर. पाटील. सांगली जिल्ह्यातल्या अंजनीचे आबा, राज्याचे माजी गृहमंत्री. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी ते तोंडाच्या कॅन्सरने गेले. वय ५७. साधेपणासाठी ओळखला जाणारा माणूस, आणि सवयही साधीच, तंबाखूची.

दोघांनाही मुंबईतली उत्तम हॉस्पिटलं मिळाली. तरी एकाचं असं, एकाचं तसं. हॉस्पिटलच्या नावापेक्षा मोठी असते ती वेळ.

थांबण्याची किंमत

ही वेळ आकड्यांत बघायची असेल तर परळच्या टाटा मेमोरिअल हॉस्पिटलचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बघा. सुरुवातीच्या टप्प्यातला तोंडाचा कॅन्सर असलेल्या ५०० पेशंटांची तुलना त्यात होती. तोंडातली गाठ काढतानाच मानेतल्या ग्रंथीही काढायच्या, की मानेत गाठ दिसेपर्यंत थांबायचं? तीन वर्षांनंतर पहिल्या गटातले ८० टक्के पेशंट हयात होते. थांबलेल्या गटात ६७.५ टक्के. हे सगळे लवकर पोचलेले पेशंट होते, बरं का! त्यांच्यातही नुसतं वाट बघण्याने एवढा फरक पडला. मग घरी सहा-सहा महिने जेल लावत बसणाऱ्यांचं काय?

उशीर झाला की फक्त आकडे बदलत नाहीत, चेहरा बदलतो. छोटी जखम असेल तर छोटं ऑपरेशन, थोड्या दिवसांत घरी. पसरली असेल तर जबड्याचं हाड काढावं लागतं, छातीचं किंवा पायाचं मांस गालाला लावावं लागतं, वर रेडिएशन. बोलणं, गिळणं, हसणं सगळं नव्याने शिकायचं.

आणि लवकर शोधायला महागडं स्कॅनिंग लागत नाही. केरळात तिरुवनंतपुरमजवळ ३५ वर्षांवरच्या सुमारे १ लाख ९० हजार लोकांवर एक मोठा प्रयोग झाला. निम्म्या गावांत प्रशिक्षण दिलेले आरोग्यसेवक घरोघरी गेले आणि टॉर्च मारून तोंड बघितलं. बस एवढंच! २००५ मध्ये निकाल आले. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले होते. ते आरोग्यसेवक डॉक्टरही नव्हते.

टॉर्च तर आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे.

*

आरशासमोर पाच मिनिटं

महिन्यातून एकदा. पगाराचा मेसेज आला की करायचं, म्हणजे विसरायला नको.

• हात धुवा, चूळ भरा, मोबाइलचा टॉर्च लावा.
• दोन्ही ओठ उलटे करून आतून बघा.
• बोटाने गाल बाहेर ओढा. गाल आणि हिरडीमधली खाच नीट बघा. दोन्ही बाजू.
• जीभ बाहेर काढा. डावी-उजवी कड बघा. मग जीभ टाळूला लावून खालची जागा.
• मान मागे करून टाळू बघा.
• जबड्याखाली आणि मानेवर बोटं फिरवा. गाठ लागते का?
• तीन बोटांची टेस्ट.

काही दिसलं तर फोटो काढा. फोटोवर तारीख आपोआप येते. चौदा दिवसांनी त्याच जागेचा दुसरा फोटो काढा. गेलं असेल तर विषय संपला. तिथेच असेल तर डेंटिस्ट किंवा कान-नाक-घशाचे डॉक्टर.

चौदा दिवसांची वाट न बघता लगेच जा: मानेत गाठ, न थांबणारं रक्त, जीभ किंवा ओठ बधिर, गिळताना त्रास, अचानक हलायला लागलेला दात, आवाजात बदल.

*

'सुई लावली की पसरतो'

डॉक्टर 'बायोप्सी करू' म्हणाले की घरात कुणीतरी हमखास म्हणतं, ''सुई-कात्री लावू नका, पसरतं.'' हा गैरसमज किती जणांचे महिने खातो, विचारू नका. बायोप्सी म्हणजे जागा बधिर करून जखमेच्या कडेचा छोटासा तुकडा काढणं आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं. त्याने कॅन्सर पसरत नाही. पसरतो तो बायोप्सी टाळण्याने. आणि बऱ्याचदा रिपोर्ट चांगलाही येतो! तेव्हा हातात पुरावा असतो, रोजची धाकधूक संपते.

जेलबद्दलही दोन शब्द. बधिर करणारं जेल दुखणं थांबवतं, जखम ओळखत नाही. चार दिवस लावायला हरकत नाही. ट्यूब संपून दुसरी आणायची वेळ आली तर ती ट्यूबच तुम्हाला सांगतेय की डॉक्टरकडे जा. एखादा दात सतत घासत असेल तर तो गुळगुळीत करून घ्या. जखम त्यानंतरही दोन आठवड्यांत भरली नाही, तर दातावर खापर फोडणं बंद.

खर्चाचं म्हणाल तर मोठ्या शहरात जायलाच हवं असं नाही. ३० वर्षांवरच्यांची तोंडाची तपासणी हा सरकारी आरोग्य कार्यक्रमाचाच भाग आहे. वाशीमला २०२४ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, अकोल्यात आधीपासून आहे, आणि नागपुरात सरकारी डेंटल कॉलेजही आहे, कॅन्सरची हॉस्पिटलंही आहेत. कॅन्सरचं ऑपरेशन, किमो, रेडिएशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा.

सोडली, आणि तोंड आलं!

तंबाखू सोडणाऱ्यांची एक तक्रार नेहमी ऐकू येते. ''सोडून बघितली यार, पण सोडली की तोंड येतं. परत चालू केली, तर बरं वाटलं!'' थापा नाहीत, असं खरंच होतं. तंबाखू बंद केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच जणांना साधे अल्सर होतात. ते येतात आणि जातात. त्याचा अर्थ 'माझ्या तोंडाला तंबाखू लागते' असा नाही. तो काळ काढायचा. पुडी परत घेतली की हरलोच.

एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत क्विटलाइन नंबर आहे. फोन करायला लाज कसली? ईएमआयसाठी कस्टमर केअरला चाळीस मिनिटं होल्डवर राहतोच ना आपण! निकोटिनची च्युइंगम किंवा औषधं लागली तर डॉक्टरांना विचारून घ्या. आणि गावी मित्राने पुडी पुढे केली तर भाषण देऊ नका. ''डॉक्टरनं बंद केलं'' एवढं एक वाक्य पुरतं. त्याच्यापुढे आमच्याकडे कोणी हट्ट करत नाही.

दिवाळीतली गोष्ट

आता आपल्या हिरोकडे. त्याचा अल्सर आठ दिवसांत गेला. रक्त तपासलं, बी-१२ कमी निघालं, गोळ्या सुरू झाल्या. विषय संपला असं समजून तो दिवाळीला मालेगावला पोचला.

आईने त्याच्यासाठी रोडगे आणि वांग्याची भाजी केलेली. सगळे जेवायला बसले. बाबांच्या ताटात मात्र दूध-पोळी कुस्करलेली.

''बाबा, वांग्याची भाजी नाही घेतली?''

''नाही बाबू, तिखट लागून राह्यलं थोडं. गर्मी झाली असन.''

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ''दोन महिन्यांपासून दूध-पोळीच खाऊन राह्यले. दवाखान्यात चाला म्हनलं तं आयकतच नाही.''

दोन महिने. म्हणजे साठ दिवस. हिरोने स्वतःच्या आठ दिवसांच्या ठिपक्यासाठी रात्रभर सर्च केलं होतं. आणि ज्या तोंडात तीस वर्षं खर्रा होता, त्या तोंडात कोणी एकदाही डोकावलं नव्हतं.

जेवण झाल्यावर त्याने मोबाइलचा टॉर्च लावला. ''बाबा, जरा तोंड उघडा.'' बाप हसला, मग जरा ओशाळला. मुलाने आपल्या तोंडात बघायचं म्हणजे काय! पण उघडलं. तीन बोटं गेली नाहीत. दोन गेली. उजव्या गालाच्या आत, खर्रा धरायच्या जागेवर, एक पांढरा चट्टा आणि मध्ये भेग.

''हे दुखते का?''

''नाही. दुखत असतं तर गेलो नसतो काय दवाखान्यात?''

या एका वाक्यात आख्खा लेख आला.

पुढे काय निघालं? या हिरोची गोष्ट इथे मुद्दामच थांबवतोय, कारण पुढचं प्रत्येक घरात वेगळं असतं. कुठे नुसता चट्टा निघतो, सवय सुटते, दर तीन महिन्यांनी तपासणी आणि विषय संपतो. कुठे छोटं ऑपरेशन होतं. कुठे उशीर झालेला असतो. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी. कुणीतरी आधी 'तोंड उघडा' म्हणावं लागतं. बाप म्हणणार नाही. आई म्हणून म्हणून थकलेली असते. मग उरतो कोण?

तेव्हा पुढच्या वेळी गावी जाताना मिठाईच्या बॉक्सबरोबर एक काम न्या. भाऊबीज झाली, फराळ झाला, की अंगणात खुर्ची टाका, टॉर्च लावा आणि घरातल्या प्रत्येकाचं तोंड बघा. बाबांचं, काकांचं, मिश्री लावणाऱ्या आजीचंही. लहान पोरं हसतील, हसू द्या. शेवटी त्यांनाच टॉर्च धरायला द्या आणि स्वतः तोंड उघडा.